बाटल्या वाक्यात बसत नाहीत

मी लिहावं की नाही, याचा विचार करण्यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या गावी टायरची पंक्चरं काढतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. लिहिणं हे दुसऱ्या लोकांचं काम, असंच आम्ही समजत आलो. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं ते काका वाक्यांच्या बाबतीत इतके चोखंदळ, की हे त्यांच्या कानावर पडलं तर दुसऱ्याच ओळीला त्यांचा हात थांबेल. तेव्हा वाचकांनी आधीच सांभाळून घ्यावं.

हात थांबेल म्हणजे काय, ते सांगतो. काकांना काहीही वाचून दाखवलं की ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा तळवा खाली करून तो हवेत सावकाश फिरवायचे, शर्टाला इस्त्री करावी तसा. वाक्य सरळ असलं की हात टोकापर्यंत जायचा. कुठे अडखळलं की हात तिथेच थांबायचा आणि डोळे न उघडता ते म्हणायचे, "इथे चुणी पडली."

आणि वाचूनच दाखवावं लागायचं. कागद पुढे केला तर घ्यायचे नाहीत. "मोठ्याने वाच. मनातल्या मनात सगळंच चांगलं असतं."

मी जपानात, त्सुकुबाला शिकतो. शनिवार-रविवार दोन गाड्या बदलून तोक्योजवळच्या ग्योतोकुला येतो आणि एका भारतीय किराणा दुकानात बाइतो करतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी. तिथेच काका भेटले. मुंबईच्या एका बँकेने त्यांना तोक्योच्या शाखेत पाठवलं होतं. दुकानामागे चार इमारतींची वसाहत आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. वसाहतीत आपली बरीच कुटुंबं आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईची, सॉफ्टवेअरमधली. त्या सगळ्यांचे ते काका, म्हणून माझेही.

पहिल्या दिवशी ते दारातल्या पाटीसमोर उभे होते. पाटीवर मी खडूने लिहिलं होतं, 'आलं, मिरची, कोथिंबीर मिळेल.'

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी घाबरत म्हटलं, "मी. काही चुकलं का?"

"दोन अक्षरं, तीन अक्षरं, चार अक्षरं. धाकटं पुढे, मोठं मागे, लग्नातल्या फोटोसारखं. कुठे शिकलास?"

"काका, फळीवर खोकी त्याच क्रमाने आहेत."

त्यांनी आत डोकावून फळी पाहिली. मग हळूच म्हणाले, "हे कोणाला सांगू नकोस."

त्यांच्या मते लेखनातलं सगळं सौंदर्य एवढ्यातच होतं. कोणतं अंग कुठे, केवढं आणि कोणाच्या शेजारी. भारी शब्दांचा त्यांना सोस नव्हता. "नाक कितीही सुंदर असू दे, गालावर असलं तर लोक पळतील," असं ते म्हणायचे. त्यांच्या हाताखालची मंडळी सांगत, की काकासानांची, म्हणजे काकाजींची, मेल तीन ओळींची असते, पण यायला तीन दिवस लागतात.

तीन हा त्यांचा लाडका आकडा. त्याचं कारण ते दुकानातल्या तिवईवर बसून सांगायचे. "तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही. फरशी वाकडी असो, पाय आखूड असो, तिन्ही टेकतात. चौथा पाय आला की खाली कागदाची घडी घालणं आलं. वाक्याचंही तसंच."

एकदा मी घरी मेसेज पाठवत होतो. त्यांनी तोही वाचायला लावला. मी लिहिलं होतं, 'मी बरा आहे. जेवण मिळतं. इथे थंडी खूप आहे.'

हात शेवटी थांबला. "उलट कर."

"म्हणजे?"

"थंडी खूप आहे. जेवण मिळतं. मी बरा आहे. शब्द तेच आहेत, पण आता तुझी आई झोपेल."

मी तसं पाठवलं. माझ्या भाषेच्या पुस्तकांत इतकं उपयोगाचं काही मला अजून सापडलेलं नाही.

काकूंना मात्र या सगळ्याचं कौतुक बेताचंच होतं. त्या हाताने काम करणाऱ्या. गेल्या उन्हाळ्यात त्या कागदाच्या मातीची गणपतीची मूर्ती घडवत होत्या. ही माती इथे शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळते. काका शेजारी बसून एक डोळा मिटून पाहत होते.

"सोंड जरा लांब झाली," ते म्हणाले.

"तुमच्या वाक्यापेक्षा आखूडच आहे," काकू म्हणाल्या आणि सोंडेवर पाण्याचं बोट फिरवत राहिल्या.

त्या मूर्तीमागे एक कारण होतं. आधीची दोन वर्षं गणपती काकांच्याच दोन खोल्यांत बसला होता. भिंती पातळ. पहिल्या वर्षीच खालच्या मजल्यावरून एक अत्यंत नम्र तक्रार आली. तेव्हापासून आरती दबक्या आवाजात, टाळ्या दोन बोटांनी आणि झांजा टॉवेलात गुंडाळून. इथे वाढलेल्या पोरांना वाटायला लागलं, की आरती कुजबुजायचीच असते. एका चिमुरडीचे साताऱ्याचे आजोबा व्हिडिओ कॉलवर खड्या आवाजात आरती म्हणायला लागले, तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना बजावलं, "शिझुका नी." म्हणजे हळू. सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. पुढच्या गणपतीला वसाहतीचा हॉल मिळवायचा आणि पोरांना एकदा तरी घसा मोकळा करून आरती म्हणू द्यायची, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. हॉलच्या मापाची म्हणून मूर्तीही मोठी केली, दीड हात उंच.

हॉल मिळणं रहिवासी संघाच्या हाती होतं. संघाच्या अध्यक्ष सत्तरीच्या एक जपानी बाई आहेत. सगळे त्यांना कायचोसान म्हणतात, म्हणजे अध्यक्षबाईच. जून महिन्यात त्या हातमोजे घालून, हातात कचरा उचलायचा चिमटा घेऊन दुकानात आल्या. नमस्काराला वाकल्या. आम्हीही वाकलो. काका-काकू भाजी घेत होते, ते पण वाकले. काकूंच्या पिशवीतली दोन वांगी घरंगळली.

कायचोसानचं म्हणणं मी मराठीत सांगत गेलो. हॉल द्यायला त्यांची स्वतःची हरकत नव्हती. पण समितीतले काही जण कचऱ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो आणि आपली माणसं तो चुकवतात. पिशव्यांवर लाल चिठ्ठी चिकटते, गाडी त्या उचलत नाही आणि कावळे त्या फोडतात. आपल्याकडे कावळ्याला बोलवावं लागतं, इथे जाळी टाकून हाकलावं लागतं. ऑगस्टअखेर समितीची बैठक होती. तोवर कोपरा सुधारला, तर त्यांना हॉलसाठी बोलता येणार होतं.

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणखी एक. त्या कोपऱ्यात कोणी गेलं आहे का?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, कठड्याला दर दोन-चार दिवसांनी छान कागदी पिशवीत फुलं टांगलेली असतात. इथे रस्त्याकडेला फुलं ठेवतात ती अपघातात गेलेल्या माणसासाठी. समितीतल्या एक आजी तर तिथून जाताना थांबून हात जोडायच्या.

ते निर्माल्य होतं. देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून आपल्या बायका ती स्वच्छ पिशवीत घालून शेजारी टांगून ठेवत. त्यात काकूही होत्या. मी हे समजावून सांगेपर्यंत काकूंनी वांगी पुन्हा पुन्हा मोजली.

"सूचना मी लिहितो," काका म्हणाले. "मराठीत. मनाला भिडली की वार आपोआप पाळतील."

काकूंनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "मग गणपती पुढच्या वर्षी."

लिहायला काकांनी तीन रविवार घेतले. दर रविवारी मी वाचायचो आणि ते इस्त्री करायचे. शेवटी कुठेही चुणी उरली नाही. ती सूचना मला अजून पाठ आहे. 'सुजनहो, घर झाडले की ते आपले होते; अंगण झाडले की ते शेजाऱ्यांचेही होते; आणि घराबाहेरचा कोपरा झाडला की सारे गाव आपले होते. म्हणून जे जळेल ते सोम-गुरुवारी, जे वितळेल ते बुधवारी आणि जे वाचून झाले ते शुक्रवारी बाहेर ठेवावे.'

मी बिचकत विचारलं, "काका, बाटल्या आणि डबे? त्यांचा शनिवार राहिला."

"बाटल्या वाक्यात बसत नाहीत."

"पण त्या तर सगळ्यात जास्त..."

"चौथा पाय होतो, राजा. तू वाचून बघ ना."

मी वाचून पाहिलं. खरोखरच बसत नव्हत्या. 

सूचना कोपऱ्यातल्या भिंतीवर लागली आणि लोकांना फार आवडली. तिचे फोटो काढले गेले. वसाहतीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. कावासाकी शहरातल्या मराठी मंडळींनी ती आपल्या ग्रुपवर टाकली. एका आईने मुलीकडून वक्तृत्वासाठी पाठ करून घेतली. कचरा मात्र होता तसाच राहिला. बाटल्यांविषयी काहीच लिहिलं नसल्याने त्या कोणत्याही वारी बाहेर येऊ लागल्या. आणि 'जे वितळेल' वाचून कोणीतरी बुधवारी खोबरेल तेलाची अर्धी बरणी बाहेर ठेवली. कावळ्यांनी तीही उघडली.

"लोक वाचत नाहीत नीट," काका म्हणाले.

"नीट वाचतात म्हणूनच तेल ठेवलं," काकू म्हणाल्या. "आणि आपल्या घरच्या बाटल्या कधी टाकायच्या? वाक्यात जागा मिळाली नाही म्हणून त्या माझ्या बाल्कनीत येऊन बसल्यात."

पुढच्या शनिवारी कायचोसान पुन्हा आल्या. भिंतीवर काय लिहिलंय ते समितीला दाखवायला त्यांना जपानी भाषांतर हवं होतं. मी त्सुकुबाच्या ग्रंथालयात बसून ते केलं. माझी जपानी कामापुरती. 'सुजनहो'ला शब्द सापडला नाही, तो गेला. घर, अंगण आणि कोपऱ्याचं वाक्य माझ्याने पेललं नाही, ते गेलं. 'जे वाचून झाले'चं मी सरळ 'कागद' केलं. कायचोसाननी पेन्सिलने माझ्या चुका सुधारल्या, "फार सुंदर आहे," असं म्हणून आणखी दोन शब्द गाळले आणि तळाशी बाटल्या, वेळ आणि जाळी घातली.

हे काकांना कसं सांगायचं, या काळजीत मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. ते म्हणाले, "आता ते परत मराठीत आण. बघू काय उरलंय."

मी कागद धरून एकेक ओळ मराठीत म्हणत गेलो. "जळणारा कचरा सोमवारी आणि गुरुवारी. प्लास्टिक बुधवारी. कागद शुक्रवारी. बाटल्या आणि डबे शनिवारी. सकाळी आठच्या आत. वरून जाळी ओढून घ्या."

काकांचे डोळे मिटलेले होते. हात निघाला तो कुठेही न थांबता टेबलाच्या कडेपर्यंत गेला. 

"धुवायला टाकलं आणि आटून आलं," ते म्हणाले.

"वाईट झालं का, काका?"

"नाही रे. अंगात बसतंय, हेच वाईट."

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "आणि माझ्या फुलांचं काय?"

हे मात्र कोणाच्याच भाषेत आलं नव्हतं. निर्माल्य जळणाऱ्या कचऱ्यातच जायला हवं होतं, पण तसं लिहिलं तर कोणीही मानलं नसतं. काकूंनीच मानलं नसतं. मला कायचोसानचं एक बोलणं आठवलं. निर्माल्य म्हणजे काय ते समजल्यावर त्या म्हणाल्या होत्या, की त्यांच्याकडेही जुने ताईत फेकत नाहीत, देवळात नेऊन जाळतात. मी ते सांगितलं.

काका उठले आणि खिडकीपाशी गेले. बाल्कनीत बाटल्या होत्या, त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. मग वळून एकदाच म्हणाले, "निर्माल्य कागदात गुंडाळावे, नमस्कार करावा आणि सोमवारच्या पिशवीत ठेवावे. अग्नीला दिलेले वाया जात नाही."

या वेळी हात त्यांनी फिरवला नाही. ते काकूंकडे पाहत होते. काकूंनी पदराला हात पुसले.

"हे ठेवा," त्या म्हणाल्या.

नवी सूचना कोणी ग्रुपवर टाकली नाही. तिचं कोणी कौतुकही केलं नाही. पण दोन आठवड्यांत कठड्यावरच्या पिशव्या नाहीशा झाल्या, लाल चिठ्ठ्या कमी झाल्या. एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. सोमवारी सकाळी आपल्या बायका पिशवी ठेवून नमस्कार करायला लागल्या. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाला वाटलं, हा नमस्कार आपल्यालाच. तो टोपी काढून वाकायचा. तो वाकला म्हणून बायका पुन्हा वाकायच्या. ऑफिसला निघालेले नवरे मध्ये सापडले की तेही वाकायचे. समितीतल्या त्या आजींनी हे खिडकीतून पाहिलं आणि कायचोसानना फोन करून विचारलं, की ही मंडळी दर सोमवारी कचऱ्याला निरोप देतात ते किती चांगलं, आपल्याकडे हे कधीपासून बंद पडलं? बाटल्यांचे वार तरीही अधूनमधून चुकतच होते. त्यामुळे समिती काय ठरवेल, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

आणि जुलै संपता संपता बँकेने काकांना मुंबईला परत बोलावलं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत रुजू व्हायचं होतं. बैठक महिन्याच्या शेवटी, गणपती त्यानंतर. म्हणजे ज्यासाठी एवढं केलं, ते दोघंही पाहणार नव्हते.

काकूंनी मूर्ती रंगवून पुरी केली. डोळ्यांची आखणी झाल्यावर काकांनी बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं आणि काहीच सुचवलं नाही. काकूंनीच विचारलं, "सोंड?" ते म्हणाले, "सोंड गणपतीची आहे. आपण कोण सांगणार?"

मूर्ती दुकानात वरच्या फळीवर, तांदळाच्या पोत्यांच्या वर, पांढऱ्या कापडात ठेवली. काकू मला म्हणाल्या, "हॉल नाही मिळाला, तर मूर्ती कोणाच्या घरी न्यायची यावरून भांडू नका. इथेच बसवा आणि हळूच म्हणा आरती, नेहमीसारखी." शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

जायच्या दिवशी शनिवार होता. मी सामान उतरवायला गेलो, तर काका कचऱ्याच्या कोपऱ्यात ओणवे झालेले. बाल्कनीतल्या सगळ्या बाटल्या त्यांनी खाली आणल्या होत्या आणि उंचीप्रमाणे लावत होते, धाकट्या पुढे, मोठ्या मागे. काकू बॅगा घेऊन उभ्या.

"अहो, गाडी सुटेल."

"एकच राहिली."

ती एक सोया सॉसची बुटकी बाटली होती. ती दोनदा उचलून त्यांनी दोनदा जागा बदलली. मग जाळी ओढली, कडा सारख्या केल्या आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.

त्यानंतरचे दोन आठवडे दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी फळीवरच्या कापडाकडे पाहायचं आणि मग माझ्याकडे. मी नकारार्थी मान हलवायचो. काकांचा फोन दर रविवारी यायचा. आधी मुंबईतल्या उकाड्याविषयी बोलायचे, मग त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलेल्या पाटीतल्या चुण्या सांगायचे. हॉलचं विचारायचे नाहीत. मीही काढायचो नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कायचोसान दुकानात आल्या. हातात चिमटा नव्हता. समितीच्या वतीने कळवायचं म्हणून त्या इतक्या औपचारिक जपानीत बोलल्या, की मला दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागली. त्या गेल्यावर मी दुकानामागे जाऊन मुंबईला फोन लावला.

काकांनी ऐकून घेतलं.  

"हं," ते म्हणाले. "हिला तूच सांग."

"तुम्ही सांगा ना. तुम्ही छान सांगाल."

"नको. मी सांगायला घेतलं तर लांबेल, आणि मध्येच कुठेतरी अडकेन." मग तोंड बाजूला करून हाक मारली, "अगं, ये इकडे. ग्योतोकुचा फोन आहे."

काकू आल्या. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. "काय रे, जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"काकू, हॉल मिळाला," मी म्हटलं. "दीड दिवसासाठी. आरती मोठ्याने म्हटली तरी चालेल."